दोन बांधांमधली वाट

निपाणीच्या जत्राट वेशीतून बाहेर पडतो तेव्हा अजून नीट फटफटलेलं नाही. माघातली थंडी आहे. हँडल धरलेली बोटं आखडून येतात. मामा पुढं आहेत, मी मागं. त्यांची सायकल काळी, दांड्याची. कॅरेजला वैरण बांधायचा दोर कायमचा गुंडाळलेला. माझी सायकल अलीकडची, चाळीस मिलिमीटर रुंद टायरची. निघण्याआधी मामांनी माझं पुढचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं होतं.

“हवा कमी कर पोरी. पाणंदीत टणक चाक उड्या मारतंय.”

मी दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडली. आता डांबरावर सायकल जड चालते आहे. निपाणी मागं राहते आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या मालट्रकांचा घोंगावणारा आवाज मात्र बराच वेळ पाठ सोडत नाही. समोरून दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली येतात. उसाचा एक ट्रॅक्टर येतो, तेव्हा आम्ही रस्ता सोडून गवतात उतरतो आणि दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत उभे राहतो. ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची टोकं माझ्या खांद्याच्या उंचीवरून सरकत जातात.

जत्राटच्या शिवारात मामा डावा हात दाखवतात आणि डांबर सोडतात.

चाकाखालचा आवाज लगेच बदलतो. आता करकर ऐकू येते: मुरमाची, बारीक, एकसारखी. दोन्ही बाजूंना माणसाच्या दीडपट उंचीचा ऊस आहे, आणि मधून ही पाणंद. दोन चाकोऱ्या, त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. गाडीबैलांनी आणि ट्रॅक्टरांनी दाबून घट्ट केलेल्या चाकोरीत सायकल अशी चालते, की पायांना जोर लावावाच लागत नाही. चाकोरीत अडकू नये असं आपण एकमेकांना सांगत असतो. इथं चाकोरी सोडली की चाक भुसभुशीत मातीत रुततं. ज्यांनी ही वाट रोज तुडवली, त्यांनी आम्हा दोघांसाठी ती आधीच निवडून ठेवली आहे.

महामार्गाचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही. आता ऐकू येतं ते एवढंच: मुरूम, मामांच्या चेनगार्डची खडखड, उसाच्या पाचटातून फिरणारा वारा, आणि लांबून एका मोटारीचं पाणी पाटात पडल्याचा आवाज.

“ही सोळा फुटी,” मामा मान न वळवता म्हणतात.

सोळा नव्हे, साडेसोळा. पलीकडं महाराष्ट्रात जमिनीच्या कागदांत हे माप अजून आहे. गावनकाशावर पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. नंतर राज्य बदललं, कचेरीतली भाषा बदलली, तरी बांधावर बोलताना मामांच्या पिढीच्या तोंडी फुटांचीच मापं येतात. गाडीवाट दोन शेतांच्या मधून जाते. म्हणजे त्या साडेसोळा फुटांतला निम्मा भाग या बाजूच्या शेतकऱ्याच्या वाडवडिलांनी सोडलेला असतो, निम्मा त्या बाजूच्या. जिथं उसाची एक जादा सरी बसली असती, तिथं पिढ्यान्‌पिढ्या काहीही न पेरता सोडलेली ही जमीन आहे. मी तिच्यावरून सायकल चालवते आहे.

उसाची रांग संपते आणि नदी समोर येते.

वेदगंगा धुक्यात आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ उठते, हातभर वर जाते आणि तिथंच रेंगाळते. जत्राट-भिवशीच्या बंधाऱ्यावर आम्ही उतरतो आणि सायकली हातात धरून चालतो. बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत आडवे बर्गे. पावसाळा सरला की बर्गे घालतात, पाणी अडतं. पावसाळ्याआधी काढतात आणि पुराला वाट मोकळी करून देतात. आता वरच्या बाजूला पाणी काठोकाठ, संथ, शेवाळी रंगाचं. खालच्या बाजूला फटींतून निसटलेल्या पातळ धारा, आणि त्यांच्याखाली ओल्या दगडावर शेपटी हलवत बसलेला धोबी पक्षी.

हे पाणी भुदरगड तालुक्यातून आलं आहे. तिथं पाटगावला डोंगरात मौनीसागर जलाशय आहे. गारगोटी, मुरगूड करत ही नदी महाराष्ट्रातून निपाणी तालुक्यात उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये आज आम्ही उभे आहोत ती जागा दिसत नाही. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी, कुन्नूर-भोजवाडी ही जोडनावं त्या दिवसांत बातम्यांत एका दमात येतात, कारण तिथले बंधारे नि सखल पूल पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच नदीनं यमगर्णीजवळ महामार्गसुद्धा बंद पाडला होता. मामा खांबावरच्या गाळाच्या जुन्या रेघेकडं बोट दाखवतात, मग तेच बोट वर नेत नेत काठावरच्या करंजाच्या दुसऱ्या फांदीवर थांबवतात.

“तिथवर,” ते म्हणतात. आणि थोड्या वेळानं, “पाणी वसरल्यावर पयलं काम पाणंदीचं. वाट न्हाई तर शेतात जायाचं कसं?”

पलीकडं भिवशीची शिवारं. इथली माती काळी आहे, मुरूम पातळ आहे. माघात ही माती सिमेंटसारखी कडक असते. श्रावणात हीच माती चाकाला चिकटते, मडगार्डात भरते, आणि दहा पावलांत सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून या वाटांचा मोसम ठरलेला: दिवाळी ते उन्हाळा. आज वाटेत गेल्या पावसातल्या बैलांच्या खुरांचे ठसे तसेच वाळून राहिलेले दिसतात. त्यांच्यावरून जाताना दात वाजतात. मी सीटवरून उठते, गुडघे सैल सोडते, आणि चाकाला हवं तसं जाऊ देते.

एका वळणावर ऊस अचानक संपतो. तोड चालू आहे. खप्प, खप्प असा कोयत्यांचा आवाज. पुरुष तोडतात, बायका पाचट सोलून मोळ्या बांधतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईच्या पिंढऱ्या मला दिसतात आणि माझ्या सायकलिंगच्या श्रमांचं माप बदलून जातं. पाणंदीच्या कडेला वाड्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या रचल्या आहेत. दोन लहान मुलं वाडं चघळत माझ्या सायकलकडं बघतात. त्यांतली मोठी मुलगी गिअरच्या तारेला हळूच हात लावते.

“हे काय हाय?”

मी सायकल उभी करून मागचं चाक उचलते आणि पायडल फिरवते. साखळी एका दातरीवरून दुसरीवर चढते. ती पुन्हा फिरवायला सांगते. मी पुन्हा फिरवते. मग ती स्वतः फिरवते. तिची आई डोक्यावर मोळी असतानाच तिला हाक मारते. मुलगी पळते, तरी अर्ध्यावरून एकदा वळून बघते.

ट्रॉली पाणंदीतच उभी आहे. आम्हाला पुढं जायला जागा नाही. चालक खाली उतरतो, आमच्या सायकली एकेक करून शेतातल्या बुडख्यांवरून पलीकडं न्यायला हात लावतो. वाहनं नसलेली वाट असं मी मनात म्हणत आले होते. तो शब्द इथं पुरत नाही. इथं वाहन येतं ते शेताला काम असलं तरच. ज्याचं इथं काम नाही, तो इकडं फिरकत नाही. म्हणून शांतता आहे.

सिदनाळच्या अलीकडं धूर दिसतो. त्याआधी वास येतो, गोड आणि जरासा करपट. गुऱ्हाळ. मामा न विचारताच सायकल वळवतात.

घाण्यातून रस पिंपात पडतो आहे. काहिलीत उकळी चढली आहे. चुलवाणात एक तरुण वाळकी चिपाडं सारतो. त्याच्या भुवयांवर राख बसली आहे. रसाला फेस येतो तसा दुसरा माणूस लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढून बाजूला टाकतो. रस निवळावा म्हणून रानभेंडीचं चिकट पाणी घातलेलं आहे. गुळव्या मात्र काहीच करत नाही असं वाटतं. तो फक्त उभा आहे, उकळीचा आवाज ऐकत. मग काहिलीतला थोडासा पाक पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी करून बघतो. गोळी धरते. तो मान हलवतो आणि चौघं जण एकदम उठतात. काहील कलते, वाफ्यात तपकिरी-सोनेरी पाक पसरतो.

“या की पावणं. रस घ्या, मग जावा.”

पितळी तांब्यातून रस मिळतो, थंड, आल्याशिवाय, लिंबाशिवाय. नंतर कागदावर गरम गुळाचा गोळा. गुळव्या मामांच्या ओळखीचा आहे. मला विचारतो, “ताई, हिकडं कशाला आलासा सायकलीवरनं? चांगला डांबरी रस्ता हाय की.”

मी सांगते, “डांबरी रस्त्यावर तुमचं गुऱ्हाळ नाही लागत.” तो हसतो आणि आणखी एक गोळा हातावर ठेवतो.

सिदनाळचा बंधारा ओलांडून आम्ही पुन्हा अलीकडच्या काठाला, अक्कोळकडं येतो. ऊन वर आलं आहे. शाळेत निघालेल्या मुली समोरून येतात, तीन सायकलींवर पाच जणी. त्यांतली एक सायकल बरीच जुनी आहे, रंग उडालेली, पुढची जाळी वाकलेली. कर्नाटक सरकार २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली देत असे. ही बहुधा तेव्हाची, थोरल्या बहिणीकडून धाकटीकडं आलेली. मुली पाणंदीतून येतात कारण मुख्य रस्त्यावर या दिवसांत उसाची वाहनं असतात. त्यांच्या आया त्यांना बिनधास्त पाठवतात ते या वाटेच्या भरवशावर. मी बाजूला होते. त्या घंट्या वाजवत, एकमेकींशी बोलत निघून जातात. कुठल्याही पाटीवर या वाटेला सायकलमार्ग म्हटलेलं नाही. पण तो आहे, आणि रोज वापरात आहे.

अक्कोळच्या पुढं उसाच्या मधे मधे तंबाखू दिसू लागतो. रुंद, जाड, पिवळटपणा चढलेली पानं, शेंडे खुडलेले. जवळून जाताना वास नाकात झोंबतो. एका तुकड्यात कापणी झाली आहे आणि झाडं उन्हात पसरून ठेवली आहेत. या पिकानं निपाणी उभी केली: वखारी, विडी कारखाने, बायकांच्या हातांचं काम. आज त्याची बरीच जागा उसानं घेतली आहे.

मामा थांबतात. १९८१ साली ते विशीच्या आत होते. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर तळ ठोकला होता. “हितनंच गेलो आमी,” मामा सांगतात. “गाड्या जुपून. बायका, पोरं, भाकरी, समदं गाडीत. या पाणंदी तवा रातभर वाजत हुत्या.” ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. मामा त्याबद्दल बोलत नाहीत. तंबाखूचं एक पान उलटं करून बघतात, पुन्हा जागेवर ठेवतात, आणि सायकलवर बसतात.

पुढं एका ठिकाणी वाट अरुंद होते. आधी गवताची पट्टी नाहीशी होते, मग एक चाकोरी. डावीकडचा ऊस थेट वाटेत आला आहे. उजवीकडं तारेचं कुंपण. शेवटी हँडलएवढी जागा उरते. आम्ही उतरतो. उसाची पाती हातांवर बारीक ओरखडे काढतात.

“दरसाल येक तास,” मामा म्हणतात. तास म्हणजे नांगराची एक रेघ. “येका साली कुनाला कळत बी न्हाई. धा वर्सांत गाडी जायाची बंद हुती. मग आतल्याचा ऊस तोडायला टोळी येत न्हाई. मग कोर्ट.”

वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे. तो मुंबई इलाख्याचा कायदा. अलीकडं महाराष्ट्रात मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंदी बांधल्या गेल्या आणि कर्नाटकात रोजगार हमीतून ‘नम्म होल, नम्म दारी’, म्हणजे ‘आमचं शेत, आमची वाट’. दोन्ही राज्यांना ही गरज कळलेली आहे. तरीही कायदा येतो तो वाट बुजल्यावर. बुजू नये म्हणून जे लागतं ते इथं, नांगर धरणाऱ्याच्या हातात असतं.

आम्ही बाहेर येतो. चाकोरी पुन्हा सुरू होते. मामा दम घेतात. मी त्यांना फ्रान्सबद्दल सांगते. तिथं ल्वार नदीकाठानं सुमारे नऊशे किलोमीटरचा आखलेला सायकलमार्ग आहे. बराचसा वर्दळ नसलेला. कालव्यांच्या काठी तर नुसत्या खडीच्या वाटा आहेत, मैलोन्‌मैल सपाट, मोटारींना बंदी असलेल्या. देशोदेशींची माणसं घरच्या सायकली घेऊन तिथं येतात.

“कालव्याकडंला वाट कशापायी केलती?” मामा विचारतात. शेतकऱ्याचाच प्रश्न.

“होड्या ओढायला. काठावरून घोडे चालायचे, दोरानं होडी ओढायचे.”

“आनि आता?”

“आता घोडे नाहीत. होडीला इंजिन आलं, मग माल रेल्वेनं आणि ट्रकनं जाऊ लागला. वाट रिकामी झाली. ती सायकलवाल्यांना दिली.”

मामा बराच वेळ काही बोलत नाहीत. चेनगार्ड खडखडत राहतं. मलाही बोलता बोलता ते प्रथमच नीट दिसतं. तिथं काम गेलं म्हणून वाट मिळाली. इथं काम आहे म्हणून वाट टिकली आहे. तिथल्या वाटेची राखण सरकार करतं, पाटी लावतं, खडी पसरतं. इथली राखण दोन शेजारी करतात, पेरणीच्या आधी, कुणी न सांगता. म्हणून या खोऱ्यातून सायकलीनं जाणाऱ्यानं पाहुण्यासारखं जावं असं मला वाटतं. बैलगाडी आली तर उतरावं. ओल्या पाणंदीत चाकं घालून ती उकरू नये. बांधावरच्या हरभऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि परत गेल्यावर सांगावं, की वेदगंगेच्या काठी सायकलमार्ग बांधायची गरज नाही. आहेत ते बुजू देऊ नका.

ममदापूर, मग गळतग्याच्या बाजूची शिवारं. दुपार होता होता भोज येतं.

भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते. काठावर बसून आम्ही भाकरी सोडतो. मामींनी खर्डा आणि दही दिलं आहे. दूधगंगेचं पाणी काळम्मावाडीच्या धरणातून येतं, आणि तो प्रकल्प दोन्ही राज्यांचा मिळून आहे. पाणी पुढं कृष्णेला जातं. वाटेत मलिकवाड कर्नाटकात राहतं आणि समोरचं दत्तवाड महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ पासून या प्रदेशाच्या हद्दीचं भांडण चालू आहे, २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी बोलणाऱ्या इथल्या माणसांच्या मनात ते रोज असतं. कारदग्यासारख्या गावांत भरणारं मराठी साहित्य संमेलन हे त्याचंच एक रूप.

या संगमाची एक आठवण जैन घरांतून सांगतात. भोजच्या पाटलांचा मुलगा सातगौडा, १८७२ साली जवळच्या येळगूळला जन्मलेला, अंगानं दणकट. नदीला पाणी असलं आणि मुनिमहाराजांना पलीकडं जायचं असलं, की तो त्यांना खांद्यावर घेऊन पाण्यातून चालत जाई. हेच पुढं आचार्य शांतिसागर झाले. दिगंबर मुनिपरंपरेनुसार देशात दूरवर पायी फिरले. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. पाण्याकडं बघत मी तो तरुण कुठून उतरला असेल याचा अंदाज बांधते. काठावर अजूनही एक उतार आहे, जनावरांच्या खुरांनी घासलेला. त्याच्या टोकाशी पाणंद येऊन थांबते. आधी माणसं इथून उतरली असतील, मग वाट झाली असेल.

परतीला ऊन कलतं झालं आहे. गावाबाहेर एका रानात ट्रॅक्टर चालू आहे, ऊस गेलेल्या तुकड्यात. नांगराच्या मागं बगळे चालतात. काळी ढेकळं उलटतात, त्यांना ओलसर चमक येते. ट्रॅक्टरवरचा पोरगा विशीचा असेल. कानात गाण्यांच्या तारा. तो रानाच्या टोकाकडं येतो, जिथं पाणंद आहे आणि पाणंदीत आम्ही. मामा पायडल मारायचं थांबतात. एक पाय जमिनीला टेकवतात.

नांगर जवळ येतो. वाटेपासून दोन हातांवर पोरगा दांडा ओढतो आणि नांगर वर उचलला जातो. फाळांवरची माती गळते. तो ट्रॅक्टर वळवतो, चाकं गवताच्या कडेला घासून जातात, आणि तो नांगर पुन्हा जमिनीत सोडतो, पहिल्या तासाच्या आतून.

मामा तोंडानं काही म्हणत नाहीत. वळलेल्या ट्रॅक्टरकडं बघून हात वर करतात. पोरगा कशासाठी ते न कळताही हात वर करतो. मग मामा सायकलवर बसतात आणि डाव्या चाकोरीला लागतात. मी उजव्या चाकोरीनं त्यांच्या बरोबरीनं निघते.